हत्तीखडकावरची रेंज

८ सप्टेंबर, सोमवार

दिग्विजय सरांनी आज आकुर्डीच्या ऑफिसात प्रत्येकाला एक डायरी दिली. निळं रेक्झिन, वर सोनेरी गरुड. म्हणाले, "रोज लिहायचं. किती लोक थांबले, काय विचारलं, का घेतला नाही. कंपनीला कळलं पाहिजे."

पण डायरीला पानं लई आहेत. उरलेल्या जागेत मी माझं लिहीन. परत मागितली तर हरवली म्हणेन.

नाव ज्ञानेश, शिक्षण सातवी. यावर हसायचं ते सगळे हसून झालेत. आठवीची शाळा सहा किलोमीटरवर होती आणि वाटेत नदी होती. मी नदीपर्यंतच जायचो. चाकणला येऊन तीन वर्षं झाली, चार कंपन्या झाल्या. सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक देतो, म्हणजे घरी बसवतो. तो द्यायच्या आधी मीच सुटतो. एका जागी उभं राहून तेच बोल्ट, तेच भोक, माझ्या पायांना मुंग्या येतात.

हे काम निराळं आहे. गरुड नेटवर्कवाल्यांनी स्वतःचा फोन काढलाय, त्याचं नाव झेप. मोठा पडदा, झकास कॅमेरा आणि किंमत दुसऱ्या फोनच्या निम्मी. अट एकच, की त्यात गरुडचंच सिम चालतं, दुसरं नाही. मी कंपनीच्या छत्रीखाली उभं राहून तो विकायचा. टी-शर्टवर पाठीला पंख काढलेत. घातल्यापासून मला हलकं वाटतंय.

१० सप्टेंबर

माझी छत्री महाळुंग्याच्या रस्त्याला, एका मोठ्या कंपनीच्या गेटासमोर. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. पाऊण तास माणसांचा लोंढा, मग पुन्हा नुसते कंटेनर आणि धूळ.

लोक झेप हातात घेण्याआधी पँटीला हात पुसतात. मग कॅमेऱ्यात स्वतःला बघतात. आज एकानं केस सारखे केले, आपल्याच तोंडाकडं बघून गोड हसला आणि फोन परत ठेवून गेला. मला ते आवडलं. सहा जणांनी घेतला. तेरा जणांनी एकच विचारलं, "दुसरं सिम चालतंय का?"

याचं उत्तर आम्हाला शिकवलंय. "दुसरं कशाला पाहिजे? गरुड सगळीकडं आहे." मग नकाशा दाखवायचा. त्यात अख्खा महाराष्ट्र हिरवा आहे, पेरणीनंतर पाऊस पडून गेल्यासारखा.

चौकात शोएबचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो दिघीवरून रोज गाडीवर येतो. त्यानं झेप उलटासुलटा केला, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघितलं. पडद्यावर आलं, सिम स्वीकारलं नाही.

"लई पतिव्रता फोन आहे, भावा," तो म्हणाला. "एकाचंच नाव घेतो."

"उघडता येतं का हे कुलूप?"

"आतनं घातलंय. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं." मग म्हणाला, "पण वस्तू चांगलीये. इथं काय अडचण नाही, टॉवर डोक्यावरच आहे. तुझी गिऱ्हाइकं मात्र चाकणची नाहीत."

"मग कुठली? रोज इथंच तर असतात."

"असतात इथं," शोएब म्हणाला आणि दुसऱ्याचा फोन उघडायला लागला.

दुकानात त्याच्याकडं चार कंपन्यांचे फोन आहेत. तो थोडा जळतो, असं मला वाटतं.

१७ सप्टेंबर

परवा स्वरूपासाठी झेप धाडला.

स्वरूपा माझी बायको. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागल्यावर तिला अहमदपूरकडं पोचवून आलो. सासऱ्यांचं घर गावात नाही, शेतात आहे; तिकडं त्याला आखाडा म्हणतात. चार पत्रे, एक लिंब, मागं डोंगर. सासरे नाहीत. सासूबाई सुभद्राबाई आणि स्वरूपा, दोघीच. वाडी तिथून पाऊण तासाच्या चालीवर.

ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं पार्सल दिलं आणि तिचा जुना बटणांचा फोन त्याच्याच हाती परत मागवला. 'जुना द्या, झेप घ्या' अशी योजना आहे आणि प्रत्येकानं दहा जुने फोन दाखवायचे आहेत. माझे नऊ झाले होते. तिला सांगितलं, त्यातलं लाल कंपनीचं सिम काढून हळदीकुंकवाच्या डब्यात ठेव, फेकू नको.

"दोन्ही नाही का राहायचे?" तिनं विचारलं.

"दोन कशाला? राणीला एक सिंहासन बास."

ती हसली. त्या जुन्या फोनवरचं ते आमचं शेवटचं बोलणं. दिग्विजय सरांनी दहावा फोन खोक्यात टाकला तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली.

२१ सप्टेंबर, रविवार

चार दिवस फोन नाही. मी लावला की बाई म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वाटलं, तिला चालवता येत नसेल.

आज पाचला आला. आधी नुसता वारा, मग तिचा आवाज.

"काय करलालाव?"

"तुझीच वाट बघतोय. कुठं होतीस?"

"आता हत्तीखडकावर हाय."

आखाड्यामागच्या डोंगरावर हत्ती बसल्यासारखा एक खडक आहे. लग्नानंतर एकदा आम्ही तिथं गेलो होतो.

"तिथं कशाला?"

"इथं रेंज येती," ती म्हणाली. जरा थांबली, दम घेतल्यासारखी. "अन् हवा बी लई छान हाय."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ छत्रीखाली तसाच बसलो. तिचा आवाज कुठल्या वाटेनं आला असेल? खडकावरून उडाला, बालाघाटाच्या कडेकडेनं, उसावरून, मांजरा ओलांडून, नगरच्या माळावरून आणि शिक्रापूरच्या जाममध्ये न अडकता सरळ माझ्या कानात. मला वाटलं, हे मी विकतो. लोक म्हणतात फोन विकतो.

२४ सप्टेंबर

आज गंमत झाली. पावणेचारला, ऐन गर्दीत, स्वरूपाचा व्हिडिओ कॉल. मी स्पीकरवर टाकला आणि पडदा लोकांकडं फिरवला. मागं निळं आभाळ, तिच्या कपाळावर घाम चमकतोय, पदर उडतोय.

म्हणलं, "बघा. माझी बायको. बाळंतपणाला गेलीय, अहमदपूरच्या डोंगरात हाय. झेपच आहे तिच्याकडं. आवाज कसा खणखणीत!"

"वैनी, रेंज असती का?" भिमाजी नावाचा एक जण ओरडला. जिंतूरकडचा आहे, प्रेसवर काम करतो.

स्वरूपा आधी लाजली. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "असती की."

अकरा फोन गेले. एका दिवसात अकरा!

दिग्विजय सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "राव, ही तर जिवंत जाहिरात! मिसेसला सांग, रोज पावणेचारला फोन करायचा. शिफ्ट सुटायच्या टायमाला."

तिला सांगितलं. "रोज?" म्हणाली. मग, "बरं."

२७ सप्टेंबर

ती आता फोटोही धाडते. खडकावर पोचली की दिवसभराचे एकदम येतात, पाखरांचा थवा उतरल्यासारखे. लिंबाखाली बांधलेली शेळी. सासूबाईंचा पाठमोरा फोटो, त्यांना फोटोचं भ्या वाटतं. कुसळांचं सोनेरी गवत आणि त्यात तिचे पाय. पाय जरा जाड वाटले, चपलेचा अंगठा तुटून सुतळीनं बांधलाय. पण गवत काय सुंदर दिसतंय! मी तो फोटो माझ्या पडद्यावर लावलाय. गिऱ्हाइकाला कॅमेरा दाखवायचा तर तोच दाखवतो.

२ ऑक्टोबर, दसरा

खोलीची मालकीण अंबुबाई. खराबवाडीतलं जुनं घर त्यांचं. आमची पाच खोल्यांची चाळ बांधायच्या आधी तिथं त्यांचा कांदा असायचा. आज सोनं द्यायला गेलो. म्हणाल्या, "बायकू कशी हाय रं?"

मी फोटो दाखवला, तोच. डोंगरावरनं बोलते म्हणलं. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरला, लांब धरला.

"कितवा म्हैना?"

"आठवा लागला."

"अन् ह्या पायांनी ती डोंगरावं जाती?"

"रोज जाते. तिला आवडतं. हवा चांगली आहे म्हणते."

अंबुबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "आमी बी लई बोलायचो रं असं," म्हणाल्या. "आमाला बी समदं आवडायचं." मग आपट्याची पानं उचलून देवापुढं ठेवायला आत गेल्या. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं अर्धं त्यांच्या पोटातच राहतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळं गेटावर कुणी नाही. म्हणलं आज निवांत बोलू. तिचा फोन बरोबर पावणेचारला आला.

"आज गर्दी न्हाई का?" तिनं विचारलं.

"गुरुवार आहे ना."

"आगं बाई. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." मग हसली, पण बारीक. ऊन फार आहे म्हणाली. खडक तापलाय, बसवत नाही. मग एकदम म्हणाली, "माझा जुना फोन हाय का हो तुमच्यापाशी?"

"तो कधीच जमा झाला. का? आठवण येते का त्याची?"

"तसंच."

त्याच्या पाठीवर तिनं एक फुलपाखराचं चित्र चिकटवलं होतं. बायकांचा जीव अशा गोष्टीत अडकतो. म्हणलं, तुला फुलपाखरांचं पाकीटच धाडतो.

"दिवाळीला येलालाव ना?"

"पाडव्याला तुझ्यासमोर असेन."

"नक्की या," ती म्हणाली. आणि पुन्हा म्हणाली, "नक्की."

१४ ऑक्टोबर

आज दुपारी पडल्या पडल्या डोळा लागला. स्वप्न पडलं. चाकणचे सगळे टॉवर चालत चालत गावाकडं निघालेत, लांब लांब ढांगा टाकत, हायवेच्या दोन्ही बाजूंनी. एकेका वाडीपाशी एकेक थांबतो, पाय दुमडून बसतो. शेवटी एकच उरला. तो अहमदपूरची वाट विचारतोय आणि मला पत्ता आठवत नाहीये.

उठलो तर साडेतीन वाजत आलेले. पळतच गेट गाठलं.

१७ ऑक्टोबर

छत्री पिंपरीला, वल्लभनगरच्या एसटी स्टँडावर हलवलीय. सगळा कामगार दिवाळीला इथूनच निघतो. लातूर, नांदेड, परभणी, यवतमाळ. प्रत्येकाच्या हातात मिठाई, फटाके, साडी. आणि प्रत्येकाला वाटतं, अजून काहीतरी न्यावं. तिथंच मी उभा. आईला, बहिणीला, बायकोला झेप. मी पिशवीत घालून देतो आणि वर माझा नंबर लिहून देतो. काही अडलं तर मला लावा, म्हणतो.

भिमाजीनं बहिणीसाठी घेतला, भाऊबीजेला. "वैनीनं सांगितलं म्हणून घ्यायलो बरं का," म्हणाला. "तुझ्या तोंडाकडं बघून न्हाई."

एकेक गाडी हलते तसं मला दिसतं की माझे फोन त्या हिरव्या नकाशावर सांडत चाललेत, पणत्यांसारखे. एकशे चाळीसच्या वर गेले असतील. मी मोजायचं सोडून दिलंय.

दिग्विजय सर म्हणाले, पाडव्यापर्यंत थांब, स्टँड सोडू नको. एरियाचा सुपरवायझर तुलाच करायचा विचार आहे. पक्की नोकरी. ब्रेक नाही.

स्वरूपाला सांगितलं. वाऱ्यात ती काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. मी म्हणलं, भाऊबीज झाली की लगेच येतो. ती म्हणाली, "तुमचं चांगलं व्हायलंय ना, मग बास."

तिला कळतं. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

तिचा फोन आला नाही. कालही नव्हता. पाहुणे असतील. मीही निघालो नाही, सर म्हणाले गाड्या परत येईपर्यंत स्टँड सोडू नको.

२७ ऑक्टोबर, सोमवार

गाड्या भरून परत यायला लागल्यात.

पहिला माणूस सकाळीच आला. झेप टेबलावर ठेवला आणि समोर उभा राहिला. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "तूच सांग." मग दुसरा, मग तिसरा. गावाकडं रेंज नाही. एकाची आई अख्खी दिवाळी फोन हातात धरून ओसरीत बसली होती, मुलगा पुण्याला परत गेल्यावर लावील म्हणून. एकाच्या गावात लाल कंपनीचा टॉवर घराच्या परसात आहे. परसात! त्याचं सिमही घरात आहे आणि झेप ते घेत नाही.

माझा फोन दिवसभर वाजतोय. ओळखीचा एकही नंबर नाही. पाच-सहा उचलले, सगळ्या शिव्याच. आता अनोळखी नंबर उचलत नाही. एक तर सारखाच लावतोय, आज नऊ वेळा. नंबराच्या शेवटी तीनशे बारा. काय चिवट माणूस आहे.

स्वरूपाचा आजही नाही. मी लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ती खडकावर आली की आपणच लावील.

२९ ऑक्टोबर

छत्री परत महाळुंग्याच्या गेटावर आली आणि तिची काडी मोडली. मोडली म्हणजे मोडून टाकली. मी बाजूला उभा राहून बघितलं.

भिमाजी आला तेव्हा वाटलं, आता हा मारणार. तो खाली बसला, माझ्याच स्टुलावर. पिशवीतून झेप काढला. त्याला कुंकवाचं बोट लागलेलं होतं.

"ओवाळून झाल्यावर दिला," तो म्हणाला. "लई हरकली. दुसऱ्या दिशी गप गुमान ताटात ठिवून परत केला. म्हणली, दादा, तुझ्याकडंच राहू दे, तुला कामाला येईल."

मी वाकून झेप चालू आहे का बघितलं.

"फोनात खोट न्हाई रे ज्ञानेशा. तिनं फोटू काढले त्यातले, असे फोटू आमच्या खानदानात कुणी काढले न्हाईत. जर का तिथलं सिम चाललं असतं, तर अख्ख्या गावानं ह्योच घेतला असता. मी सोता दहा नेले असते." तो उठला. "पर मला एक सांग. वैनीला कशी काय रेंज येती?"

"ती डोंगरावर जाते."

"रोज?"

"रोज."

"पोटुशी बाई?"

त्यानं अंबुबाईंसारखंच माझ्याकडं बघितलं. झेप टेबलावर तसाच ठेवून तो गेला. नकोय म्हणाला, पैसेही नकोत.

मी तिथंच उभा होतो. कंटेनर जात होते. मला तिचा एकेक फोन आठवायला लागला, मागून पुढं. वारा आहे. खडक तापलाय. दम घेते जरा. बसवत नाही. आज गर्दी नाही का? हे सगळं मी ऐकलं होतं. एकेक शब्द ऐकला होता. लोकांनाही ऐकवला होता.

१ नोव्हेंबर, शनिवार

शोएबच्या दुकानात बसलो होतो. तीनशे बारावाला पुन्हा वाजला. मी फोन उलटा ठेवला.

"कोण आहे?"

"असेल कुणी शिव्या द्यायला."

"आठवडाभर कोण शिव्या देतो का येड्या? माणूस दोन दिवसांत थकतो." त्यानं उचलला. ऐकत राहिला. "हां. हां चाचा. मी त्याचा दोस्त." मग नुसतंच ऐकत राहिला. तोंडात धरलेला बारीक स्क्रू-ड्रायव्हर त्यानं काढून बाजूला ठेवला.

फोन वाडीतल्या किराणा दुकानातून होता. सुभद्राबाई रोज पाऊण तास चालत यायच्या आणि तिथून लावायला सांगायच्या.

"मुलगी झालीये," शोएब म्हणाला. "दहा दिवस झाले. दोघी जिवंत आहेत."

जिवंत आहेत असं कुणी सांगतं का? मी विचारलं. त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मला गाडीवर वल्लभनगरला आणून सोडलं. स्टँडावर म्हणाला, "रागावली तर रागावू दे, भावा. मधे बोलू नको."

३ नोव्हेंबर, सोमवार

काल दुपारी पोचलो. सासूबाईंनी पाणी दिलं. बाजेवर स्वरूपा झोपलेली, कुशीत एक गाठोडं. गाठोड्यातून एवढासा कान बाहेर.

संध्याकाळी सासूबाई शेळीची धार काढत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पाडव्याच्या आदल्या दिशी गेली वर. मी म्हणले, आज सणाचं नको जाऊ. तर म्हणली, आई, त्येंची स्टँडावं लई गर्दी असती आज. उतरताना घसरली. तिथंच पडून व्हती. फोन हातात. पर पडली तिथं रेंज न्हाई."

दिवस मावळताना सासूबाई शोधायला गेल्या. वाडीतल्या माणसांनी बाजेवर घालून खाली आणलं. अहमदपूरच्या दवाखान्यात दोन दिवसांनी मुलगी झाली. महिन्याआधी. दोन किलोला कमी. झेप तोवर आखाड्यावरच होता आणि माझा नंबर त्यातच; तीन दिवसांनी घरी सोडल्यावर सासूबाई तो वाडीत घेऊन गेल्या.

आज सकाळी मी खडकावर गेलो. मला चाळीस मिनिटं लागली आणि तीन वेळा बसावं लागलं. मी पंचविशीचा, हात मोकळे. वर पोचलो तसा फोन थरथरायला लागला. दिग्विजय सरांचे सात मेसेज. झेपचं नवीन उत्पादन थांबवलंय. लोक म्हणतात कुलूप काढा, कंपनी म्हणते मग आमचा काय फायदा. त्यावर मुंबईत मीटिंगा चालू आहेत. पण माझं काम साहेबांना आवडलंय. बुधवारपर्यंत हजर झालास तर सुपरवायझरची जागा तुझी. दुसरी वस्तू येतेय.

खाली आखाडा दिसत होता. चार पत्रे, लिंब, वाळत घातलेली दुपटी. सुंदर दिसतं वरून, ते खरंय. मी उत्तर दिलं नाही.

उतरताना कळलं. चढण्यापेक्षा उतरणं वाईट. कुसळांखाली सगळी मुरमाड खडी आहे, पाय ठेवला की वाहते. ते सोनेरी गवत!

४ नोव्हेंबर

सकाळी स्वरूपाला विचारलं, "सांगायचं नाही का? खाली चालत नाही म्हणून?"

ती मुलीचं दुपटं नीट करत होती. "तुमी इतकं कौतुकानं धाडला," म्हणाली. "अन् मग लोकांसमोर मला विचारलं, रेंज असती का. तिथं मी काय म्हणू? न्हाई म्हणले असते तर तुमचं तोंड एवढंसं झालं असतं. सगळ्या माणसांत."

"मग नंतर सांगायचं."

"नंतर कवा? माणसं असायचीच की तुमच्या भवती."

मी म्हणलं, "गुरुवारी नव्हती."

"त्या दिशी सांगणारच व्हते. आधी फोनचं विचारलं. तुमी फुलपाखराचं बोललाव."

मुलगी कुसकुसली. स्वरूपानं तिला माझ्या हातात दिलं. वजनच नाही तिला. मी श्वास घेतला तरी ती हलत होती.

मग स्वरूपा बोलायला लागली. रागावून नाही. दोन महिने जे राहून गेलं होतं ते. बाळ पहिल्यांदा लाथ मारायला लागलं तो दिवस. तिला चिंचेपेक्षा मातीच्या भिंतीचा वास हवासा वाटायचा, भिंत ओली करून ती तिथं नाक लावून बसायची, आई हसायची. एकदा खडकावर मोर आला होता आणि तिच्याकडं बघून कंटाळून निघून गेला. पडली तेव्हा सगळ्यात आधी काय आठवलं. ते तिनं अगदी हळू सांगितलं, ते मी लिहिणार नाही.

खडकावर ती ओरडून बोलायची, वाऱ्यामुळं. तिचा आवाज असा बारीक आहे हे मी विसरून गेलो होतो. दिग्विजय सरांचा बुधवार उद्या आहे. मी जाणार नाही हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायला तिनं अजून जागाच दिलेली नाही, ती बोलतेय. सासूबाई शेतात गेल्यात. आसपास कुणी नाही. मी एका हातानं लिहितोय, दुसऱ्यात पोरगी आहे. आता लिहिणं थांबवतो. ती म्हणतेय, इकडं बघा ना जरा.